उताराच्या जागेवरील शेतकऱ्याचे घर : आराखडा कसा आखावा

बियाण्याची निवड चुकली तर ती पुढील हंगामात सुधारता येते. घराच्या पायाची जागा चुकली तर ती सुधारण्याचा हंगाम पुन्हा येत नाही. शेतकरी कुटुंबाची कित्येक वर्षांची शिल्लक, आणि बहुधा काही कर्जही, एका घरात गुंतते. असे घर दोन-तीन पावसाळ्यांतच कोपऱ्यापासून तडकू लागले, माजघराच्या भिंतीला ओल चढू लागली, की दोष सिमेंटला किंवा गवंड्याला दिला जातो. परंतु उताराच्या जागेवरील पुष्कळ घरांच्या बाबतीत खरा दोष सिमेंटचाही नसतो आणि गवंड्याचाही नसतो. घराचा आराखडा जमिनीचा उतार न पाहता, सपाट कागदावर आखलेला असतो, हे त्याचे मूळ होय.

घराच्या आराखड्याविषयी कृषी विभागाच्या पत्रिकेत लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, उताराच्या घराचे सारे प्रश्न माती व पाणी यांचे आहेत, आणि माती व पाणी हा शेतकऱ्याच्या नित्याच्या अभ्यासाचा विषय आहे. ज्याने आपल्या शेतात समपातळी बांध घातला आहे, त्याला उतारावर घर कसे बसवावे हे समजण्यास अडचण पडू नये. मात्र एका बाबतीत शेतातील धडा घराजवळ उलटा करावा लागतो. शेतात आपण पावसाचे पाणी थांबवितो व जिरवितो. घराभोवती ते थांबू न देता वाटेला लावावयाचे असते. हा भेद ध्यानात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

१. हदगाव भागातील उतार आणि माती

हदगाव तालुका पैनगंगेच्या खोऱ्यात मोडतो. नदी-नाल्यांच्या काठची जमीन खोल, काळी व बहुतांशी सपाट आहे. माळाकडे जावे तशी ती हलकी, मुरमाड व उताराची होत जाते. येथील खडक काळा पाषाण आहे आणि आपली काळी माती त्याच खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. वर्षानुवर्षे उतारावरून धुपून आलेली बारीक माती खालच्या अंगाला साचते. म्हणूनच एकाच उतारावर वर बरड, मध्ये मध्यम व खाली भारी जमीन असा क्रम शेतकऱ्यास दिसतो.

हाच क्रम घराच्या जागेतही असतो, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. पंधरा-वीस मीटर लांबीच्या जागेत वरच्या कोपऱ्यात हातभर खोलीवर मुरूम लागतो, तर खालच्या कोपऱ्यात पुरुषभर खणूनही काळीच माती निघते. काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मुरूम असा हलत नाही. अशा जागेवर घराचा एक भाग मुरमावर व दुसरा भाग काळ्या मातीवर बसविला, तर एक भाग स्थिर राहतो व दुसरा दरवर्षी वर-खाली होतो. या ओढाताणीत भिंत मधोमध तिरकी फाटते. तडा सिमेंटने बुजविला तरी पुढल्या उन्हाळ्यात तो पुन्हा उघडतो, कारण त्याचे कारण भिंतीत नसून भिंतीखाली असते.

सह्याद्रीच्या उतारावर धोक्याचे स्वरूप निराळे आहे. पुणे जिल्ह्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीत डोंगराचा भाग घसरून गाव गाडले गेले. आपल्याकडील माळाचा उतार तितका उभा नाही. येथे घर एका रात्रीत जात नाही, ते हळूहळू जाते. आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

२. जागेची पाहणी

घर बांधण्याचे ठरल्यावर प्रथम कागद-पेन्सिल घेऊन बसू नये. प्रथम जागा पाहावी, व ती शक्यतो भर पावसाळ्यात पाहावी. पोळ्याच्या सुमारास जोराची सर येऊन गेली की जागेवर उभे राहून पाणी कोठून शिरते, कोठे फाटते, कोठे साचते व कोठून बाहेर पडते, हे पाहून त्या ठिकाणी खुंट्या ठोकून ठेवाव्यात. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी लहानशी घळ पावसाळ्यात ओघळ असते. ओघळीवर भराव घालून घर बांधणे म्हणजे पाण्याच्या वाटेत आडवे झोपणे होय. पाणी आपली जुनी वाट सोडत नाही.

त्यानंतर खड्डे घेऊन माती तपासावी. घराच्या नियोजित चौकटीच्या वरच्या बाजूस एक, खालच्या बाजूस एक व मध्ये एक, असे तीन खड्डे सुमारे दीड मीटर, म्हणजे पाच फूट खोल घ्यावेत. प्रत्येक खड्ड्यात कोणत्या खोलीवर मुरूम लागला त्याची नोंद ठेवावी. तिन्ही ठिकाणी मुरूम एक मीटरच्या आत लागला तर जागा उत्तम समजावी. खालच्या खड्ड्यात तो लागतच नसेल तर घराची चौकट तीन-चार मीटर वर सरकवून पुन्हा खड्डा घ्यावा. अशा रीतीने चौकट सरकविण्यास एका दिवसाची मजुरी लागते. घर बांधल्यानंतर ते सरकविता येत नाही.

जागा गावठाणाबाहेर शेतजमिनीत असेल, तर खणण्यापूर्वी परवानगीविषयी ग्रामपंचायत व तहसील कार्यालयात चौकशी करावी.

३. उतार मोजण्याची रीत

उतार डोळ्यांनी अंदाजू नये, डोळा फसतो. गवंड्याजवळ असलेली पाण्याची पारदर्शक नळी यासाठी पुरेशी आहे. सुमारे वीस मीटर लांबीची नळी पाण्याने भरावी व त्यात हवेचे बुडबुडे राहिले नाहीत याची खात्री करावी. दोन सरळ काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करून एक काठी जागेच्या वरच्या टोकास व दुसरी खालच्या टोकास उभी धरावी. नळीचे एकेक टोक काठीस लावावे. पाणी स्थिर झाल्यावर दोन्ही काठ्यांवरील पाण्याची उंची वाचावी.

समजा, वरच्या काठीवर पाणी जमिनीपासून २० सें. मी. उंचीवर आहे व खालच्या काठीवर १ मीटर ४० सें. मी. उंचीवर आहे. याचा अर्थ खालची जमीन १ मीटर २० सें. मी. खाली आहे. दोन्ही काठ्यांतील आडवे अंतर १५ मीटर असेल, तर १५ मीटरांत १.२० मीटर, म्हणजे शंभरांत ८ मीटर, अर्थात ८ टक्के उतार झाला. अंतर मोजताना फीत जमिनीवर न टाकता आडवी ताणून धरावी व टोकाशी ओळंबा सोडावा. अन्यथा ८ टक्के उतारावर १२ मीटरांच्या मापात सुमारे ४ सें. मी. चूक येते आणि घराची चौकट गुण्यात बसत नाही.

याच नळीने समपातळी रेषाही काढता येते. वरची काठी एका जागी कायम ठेवून दुसरी काठी आडवी फिरवावी. जेथे जेथे दोन्ही काठ्यांवर सारखीच उंची मिळेल तेथे तेथे खुंटी ठोकावी. सर्व खुंट्या चुन्याच्या रेषेने जोडाव्यात. घराच्या आराखड्याची पहिली रेषा हीच होय.

४. घराची लांब बाजू समपातळी रेषेत ठेवावी

ज्याप्रमाणे उतारावर पाळी आडवी घालतात, त्याप्रमाणे घरही आडवे घालावे. या एका नियमाने किती खर्च वाचतो, हे पुढील हिशेबावरून दिसून येईल.

घर १२ मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे आणि उतार ८ टक्के आहे असे धरू. लांब बाजू समपातळी रेषेत ठेवल्यास उताराच्या दिशेने घराची केवळ ६ मीटर रुंदी येते; तेवढ्या अंतरात जमीन ४८ सें. मी. उतरते. आतील जमीन सारखी करण्यास सरासरी २४ सें. मी. भराव लागतो. १२ गुणिले ६ गुणिले ०.२४, म्हणजे सुमारे १७ घनमीटर. ब्रासच्या हिशेबाने सहा ब्रासच्या किंचित वर.

तेच घर उताराच्या दिशेने उभे ठेवल्यास १२ मीटरांत जमीन ९६ सें. मी. उतरते. सरासरी भराव ४८ सें. मी. होतो व मुरूम सुमारे साडेचौतीस घनमीटर, म्हणजे बारा ब्रासच्या वर लागतो. घर तेच, खोल्या त्याच. केवळ दिशा चुकल्याने भराव दुप्पट झाला. जोत्याची नेहमीची उंची दोन्हीकडे सारखीच असल्याने ती या हिशेबात धरलेली नाही.

खर्चाहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. खालच्या अंगाच्या जोत्याच्या भिंतीस आतील भरावाचा दाब सोसावा लागतो, आणि हा दाब उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे उंची दुप्पट झाली की दाब चौपट होतो. उंच जोत्याच्या घराची खालची भिंत पोट काढून बाहेर येते, त्याचे कारण हेच आहे.

साधारण मार्गदर्शन म्हणून असे म्हणता येईल : उतार ३ टक्क्यांपर्यंत असेल तर जागा सपाट समजून नेहमीप्रमाणे आराखडा करावा, मात्र पाण्याचा निचरा पाहावा. ३ ते १० टक्क्यांपर्यंत घर आडवे घालून लांबट व कमी रुंदीचे करावे. १० टक्क्यांहून अधिक उतारावर घराची जमीन दोन पातळ्यांत विभागावी आणि अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

५. ऊन व वारा यांचा मेळ

आपल्या भागात मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीपेक्षा पश्चिमेची भिंत अधिक तापते व रात्री उशिरापर्यंत उष्णता आत सोडते. घराची लांबी पूर्व-पश्चिम असावी व लांब भिंती उत्तर-दक्षिणेस तोंड करून असाव्यात, हे म्हणूनच इष्ट होय.

जागेचा उतार उत्तरेस किंवा दक्षिणेस असेल तर समपातळी रेषा पूर्व-पश्चिम जाते. उताराचा नियम आणि उन्हाचा नियम तेथे एकच सांगतात व काही प्रश्न उरत नाही. उतार पूर्वेस किंवा पश्चिमेस असेल तर मात्र दोहोंचा विरोध येतो. अशा वेळी उतार ५ टक्क्यांच्या आत असल्यास उन्हाचा विचार प्रधान मानून थोडा अधिक भराव सोसावा. उतार त्याहून अधिक असल्यास घर उताराप्रमाणेच आडवे घालावे, आणि पश्चिमेच्या लांब भिंतीचे रक्षण दुसऱ्या उपायांनी करावे. पश्चिमेस दोन मीटर रुंदीची ओसरी काढावी. त्या बाजूस खिडक्या लहान ठेवाव्यात. धान्याची खोली व न्हाणी तिकडे घ्यावी. भिंत उन्हातून सावलीत आणता येते, पण पाया मुरमावरून काळ्या मातीत गेला तर त्याला उपाय नाही.

पावसाळ्यातील वारा मुख्यतः नैऋत्य व पश्चिमेकडून येतो. म्हणून शक्य तेथे मुख्य दार या बाजूस ठेवू नये. ठेवणे भाग पडल्यास त्यापुढे ओसरी अवश्य असावी.

६. खोल्यांची मांडणी : चार खणांच्या घराचा नमुना

समजा, जागा समपातळी रेषेत १५ मीटर व उताराच्या दिशेने २० मीटर आहे. वरची ५ मीटर जागा मोकळी ठेवावी. ती पाण्याच्या चरासाठी व ये-जा करण्यासाठी लागते. त्याखालील ६ मीटर घराला द्यावेत. पुढील ४ मीटर अंगणासाठी व शेवटचे ५ मीटर गोठा, उकिरडा व परसबागेसाठी ठेवावेत.

घराचे ३ मीटर रुंदीचे चार खण एका ओळीत, समपातळी रेषेवर घ्यावेत. खोल्यांची खोली ४.२ मीटर व त्यांच्यापुढे खालच्या अंगाला १.८ मीटरची ओसरी ठेवावी. एका टोकाच्या खणात स्वयंपाकघर, मधल्या दोन खणांत माजघर व निजण्याची खोली, आणि दुसऱ्या टोकास धान्य व बियाण्याची कोठी अशी मांडणी करावी. न्हाणी स्वयंपाकघराला लागून बाहेरच्या टोकास घ्यावी, म्हणजे दोहोंचे सांडपाणी एकाच बाजूने उताराने परसबागेत जाते. सांडपाणी घराखालून नेण्याचा प्रसंग येऊ नये.

चारही खोल्यांची जमीन एकाच पातळीत ठेवावी. स्वयंपाकघरातून माजघरात जाताना एखादी पायरी उतरावी लागणे हे रात्री-बेरात्री वृद्धांना व मुलांना घातक ठरते. पातळीतील फरक घ्यावयाचाच तर तो ओसरीत घ्यावा. ओसरी खोल्यांपेक्षा दोन पायऱ्या, म्हणजे ३० सें. मी. खाली ठेवल्यास, वरच्या अंगाला खोल्यांचे जोते ४५ सें. मी. धरूनही ओसरीचे खालचे जोते ६३ सें. मी. उंचीचेच भरते, तेच सर्व घर एका पातळीत ठेवल्यास ते ९३ सें. मी. झाले असते. अंगणातून ओसरीवर चढण्यास चार पायऱ्या पुरतात. घरात म्हातारे माणूस किंवा अपंग व्यक्ती असल्यास वरच्या अंगाच्या दाराशी भिंतीलगत उतरता ओटा करावा. एक फूट चढासाठी बारा फूट लांबी हे त्याचे प्रमाण आहे, ४५ सें. मी. जोत्यासाठी ५.४ मीटर लांबी लागते.

सर्व घर एकदम बांधणे प्रत्येकास शक्य नसते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे घर अपेक्षित धरले आहे. वरील नमुन्यातील दोन खण भिंतींच्या मध्यरेषांवर मोजल्यास २५.२ चौरस मीटर होतात. क्षेत्र कसे मोजले जाते हे पंचायत समितीच्या अभियंत्यास विचारून खणाची रुंदी आवश्यकतेनुसार थोडी वाढवावी. पहिले दोन खण बांधताना ते जागेच्या मधोमध न बांधता ओळीच्या एका टोकास बांधावेत. म्हणजे पुढे मुलगा कर्ता झाल्यावर, किंवा दोन पिके चांगली आल्यावर, उरलेले दोन खण त्याच पातळीत जोडता येतात. वाढीव खोली उताराच्या खालच्या अंगाला जोडण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. अशी खोली भरावावर व काळ्या मातीत उभी राहते आणि जुन्या घरापासून सुटून येते. दोन बांधकामांमध्ये काही वर्षांचे अंतर असेल, तर नव्या भिंती जुन्या भिंतीत न गुंतवता मध्ये सरळ सांधा ठेवावा, म्हणजे तडा वाटेल तेथे जात नाही.

७. पाया

पहिला नियम : भिंतीचा पाया कोठेही भरावावर येता कामा नये. भराव फक्त जोत्याच्या आत, फरशीखाली चालतो. पाया मूळ जमिनीतच, आणि सर्व घराचा पाया एकाच प्रकारच्या थरात, म्हणजे मुरमात, जावा.

दुसरा नियम : पायाचा तळ कधीही उताराप्रमाणे तिरका ठेवू नये. उताराच्या दिशेने जाणाऱ्या भिंतीखाली पायऱ्या-पायऱ्यांचा पाया घ्यावा. प्रत्येक पायरीचा तळ पाणसळीत सपाट असावा, आणि वरच्या टप्प्याचा थर खालच्या टप्प्यावर पायरीच्या उंचीच्या किमान दुप्पट लांबीने चढलेला असावा. पायरी ३० सें. मी. उंच असेल तर ६० सें. मी. चढाव लागतो.

तिसरा नियम : काळी माती टाळताच येत नसेल, तर भेगा जेथवर जातात त्याखाली पाया न्यावा, दीड मीटरपेक्षा उथळ पायावर विसंबू नये. माती फार खोल असल्यास तळाशी फुगवटा दिलेले काँक्रीटचे खांब जमिनीत घेण्याची पद्धत आहे. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ती आपल्याकडील काळ्या मातीसाठी अभ्यासून रूढ केली. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे.

जोत्याच्या आत खणून काढलेली काळी माती परत भरू नये. गाडीभाडे वाचविण्यासाठी ती भरली जाते आणि पुढे फरशी उचलते. मुरूम १५ सें. मी. जाडीच्या थरांनी भरावा. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस करावी. काढलेली काळी माती परसबागेत टाकावी. तेथे तिचे सोने होते.

८. पाण्याची वाट

घराच्या वर २० मीटर रुंद व ५० मीटर लांब माळ आहे असे धरा. ५० मि. मी. पाऊस झाल्यास त्या माळावर ५०,००० लिटर पाणी पडते. त्यातील निम्मे जिरले तरी २५,००० लिटर, म्हणजे सुमारे दोन टँकर पाणी, घराच्या मागील भिंतीकडे धावत येते. एवढे पाणी वर्षातून कित्येकदा येत असेल तर कोणती भिंत कोरडी राहील?

यासाठी घराच्या वरच्या अंगाला सुमारे ३ मीटर अंतरावर ४५ सें. मी. रुंद व तितकाच खोल चर घ्यावा. चरातील माती खालच्या, म्हणजे घराच्या बाजूस टाकून लहान बांध घालावा. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. माळावरील समपातळी चर हा पाणी जिरविण्यासाठी असतो. म्हणून त्याचा तळ सपाट ठेवतात. घरामागील चर तसा ठेवल्यास पाणी जिरून थेट पायात उतरते. या चराच्या तळाला दर २० मीटरांस १० सें. मी. ढाळ द्यावा व पाणी घराला वळसा घालून नैसर्गिक ओघळीत सोडावे. ते शेजाऱ्याच्या अंगणात किंवा दुसऱ्याच्या बांधावर सोडू नये. त्यातून भिंतीची ओल जाते पण भाऊबंदकी येते.

घराभोवती एक मीटर रुंदीची फरसबंद पट्टी बाहेर ढाळ देऊन करावी. तिच्यामुळे पायाजवळील काळी माती पावसाळ्यात एकदम भिजत नाही व उन्हाळ्यात एकदम सुकत नाही. कडुलिंब, बाभूळ यांसारखी मोठी झाडे, पूर्ण वाढल्यावर जेवढी उंच होतील तेवढ्या अंतरावर लावावीत. त्यांची मुळे उन्हाळ्यात मातीतील ओल ओढून घेतात.

छपराचे पाणी वाया घालवू नये. ७२ चौरस मीटर छपरावर वर्षात ९०० मि. मी. पाऊस धरल्यास सुमारे ६५,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ५०,००० लिटरांहून अधिक हाती लागते. पन्हळीने ते टाकीत घ्यावे. टाकी भरल्यानंतरचे पाणी जिरवावयाचे असल्यास शोषखड्डा घराच्या खालच्या अंगाला, पायापासून दूर घ्यावा. वरच्या अंगाला कदापि घेऊ नये.

अंगण सपाट करण्यासाठी खालच्या कडेला दगडी ताल घालावी लागते. सोयाबीन व हळद वाळविण्यास असे अंगण उपयोगी पडते. तालीचा पाया उंचीच्या निम्म्याहून कमी रुंद नसावा, भिंत किंचित आत झुकती असावी, मागे डबर व खडी भरावी आणि पाणी निघून जाण्यास छिद्रे ठेवावीत. सव्वा मीटरहून उंच ताल अभियंत्यास विचारल्याशिवाय घालू नये.

९. गोठा, शौचालय व विहीर

उतारावर जे वर असते त्याचे पाणी खालच्याला मिळते, हे सूत्र येथेही लागू आहे. पिण्याच्या पाण्याची टाकी वर, घर मध्ये, गोठा व उकिरडा खाली, हा क्रम राखावा. टाकी वर असली की पाणी आपोआप घरात उतरते. गोठा पूर्वेच्या किंवा ईशान्येच्या खालच्या कोपऱ्यात घेतल्यास पावसाळ्यातील वाऱ्याने दुर्गंधी घरात येत नाही. गोमूत्राची नाली उताराने थेट खताच्या खड्ड्यात नेता येते. पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यातील नारायण पांढरीपांडे यांच्या नावाने ओळखली जाणारी नाडेप टाकी, १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच, या कोपऱ्यात सहज बसते.

शौचालय दोन शोषखड्ड्यांचे असावे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरात घेतात व पहिल्यातील मैल्याचे पुढे खत होते. हे खड्डे विहीर किंवा बोअर यांच्या वरच्या अंगाला कधीही घेऊ नयेत. खालच्या अंगालाही १५ मीटर तरी अंतर ठेवावे, कारण आपल्याकडील पाषाणाच्या भेगांतून पाणी अपेक्षेपेक्षा दूर जाते.

१०. भूकंपाचा विचार

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व त्यांवरील मातीचे जड माळवद, अशी तेथील पुष्कळ घरे होती. भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांपासून सुटले व माळवद निजलेल्या माणसांवर आले. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाचे धक्के नांदेड जिल्ह्यातही जाणवले. म्हणून हा विचार लातूरकरांपुरता मर्यादित समजू नये.

दगडी भिंत बांधावयाची असल्यास दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड ठिकठिकाणी घालावेत व मातीऐवजी सिमेंटचा माल वापरावा. जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वर व छताखाली असे सळईयुक्त काँक्रीटचे तीन पट्टे सर्व भिंतींवरून अखंड फिरवावेत. उतारावर खांबांचे घर बांधताना वरच्या अंगाचे खांब आखूड व खालचे उंच होतात. हादऱ्याच्या वेळी आखूड खांब अधिक ताठ असल्याने अधिक भार ओढून घेतात व प्रथम तुटतात. लांब बाजू समपातळीत ठेवून उंचीतील हा फरक कमी केला, म्हणजे खर्चाबरोबर धोकाही कमी होतो.

११. कामाचा क्रम

पावसाळ्यात पाण्याची वाट पाहावी व खुंट्या माराव्यात. पाऊस उघडल्यावर खड्डे घ्यावेत व उतार मोजावा. दिवाळीनंतर वरचा चर प्रथम खणावा, नंतर पाया काढावा. छप्पर व भोवतालची फरसबंद पट्टी मृगाच्या आत पुरी करावी. पट्टीचे काम पुढील वर्षावर टाकू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती अशी की, घराचा प्रस्ताव हाती येताच कुटुंबप्रमुखाबरोबर एकदा जागेवर जावे. पाण्याची नळी, दोन काठ्या, फीत व चुना एवढ्या साहित्यात अर्ध्या दिवसात समपातळी रेषा निघते. त्या वेळी घरातील बायामाणसांनाही बरोबर घ्यावे. पाणी कोठून वाहून आणावे लागते, चुलीचा धूर कोठे जातो आणि धान्य कोठे वाळते हे त्यांना अधिक ठाऊक असते. चुन्याची ती रेषा पुसण्यापूर्वी तिच्यावर चार खण आखून द्यावेत, आणि मगच गवंड्याने कुदळ मारावी.